‘आयुओला’चे तीन खंड

शब्दकोशाच्या कचेरीत त्यांना सगळे ‘तोडकर’ म्हणत. हे आडनाव नव्हते. ती त्यांची कामगिरी होती. इटालियन नामांचे उच्चारखंड पाडायचे आणि आघात कोणत्या खंडावर येतो ते दाखवायचे, यात त्यांची हयात गेली. प्रत्येक खंडाला टेबलावर एक टिचकी, दोन खंडांमध्ये एक श्वास, ही त्यांची पद्धत. सबंध शब्द सलग उच्चारणे त्यांना उतावळेपणाचे वाटे. उणीव एवढीच, की एकाही इटालियन माणसाशी बोलण्याचा योग त्यांना आला नव्हता.

तो योग मुलीने जुळवून आणला. तिने इटालियन नवरा केला. लग्नानंतर विहीणबाई प्रथमच फोनच्या पडद्यावर येणार होत्या. आपला उच्चार ऐकून त्या काय म्हणतात, यावर तोडकरांनी आपली सारी विद्या पणाला लावली होती. विहीणबाईंना बागेचा नाद, म्हणून शब्द निवडला ‘आयुओला’, म्हणजे फुलांचा वाफा.

“तीन खंड. आघात मधल्यावर,” त्यांनी बायकोला बजावले. “आणि तू मध्ये बोलू नकोस.”

“छे, मी कशाला? वाफा तुमचा, विहीण तुमची. मी आपली नमस्कारापुरती.”

ठरल्या वेळी विहीणबाई फुलांसकट प्रकटल्या. तोडकरांनी घसा खाकरला.

“आ.” टिचकी. श्वास. “युओ.” टिचकी. श्वास. “ला.”

विहीणबाईंनी फोन कानाशी नेला, जरा हलवला आणि शेजारी बसलेल्या सुनेला काहीतरी सांगितले. सुनेने, म्हणजे तोडकरांच्या मुलीने, ओठ दाबून भाषांतर केले.

“बाबा, त्या म्हणतायत, तुमचं नेटवर्क तुटतंय.”

“तुटत नाहीये, मी तोडतोय!”

“हे मी त्यांना कसं समजावू, बाबा? राऊटर जरा खिडकीत ठेवून बघता का?”

विद्येचा पराभव मान्य करण्यापेक्षा राऊटरचा दोष मान्य करणे अधिक सभ्यपणाचे होते. तोडकर उठले, कपाटामागून राऊटर ओढून काढला आणि खिडकीत नेला. तेवढ्यात बायकोने फोन जवळ घेतला, पडद्यावरच्या फुलांकडे बोट दाखवले आणि आघाताची पार वाट लावत तो शब्द एका दमात बोलून टाकला. विहीणबाई हरखल्या. वाकून एकेक फूल दाखवू लागल्या.

“अहो, आता अगदी स्पष्ट येतंय हं,” बायको मान न वळवता म्हणाली. “हलू नका. तिथेच धरून उभे राहा.”

ते उभे राहिले.