हिरव्या रिंगेवरचा लाल ठिपका

फेराइटची रिंग फोटोवरून ओळखता येते असं ज्यांना वाटतं, त्यांची मला मनापासून चीड येते. आमच्या हॅम रेडिओवाल्यांच्या, म्हणजे घरून हौसेने बिनतारी बोलणाऱ्यांच्या, ग्रुपवर अशी माणसं ढिगाने आहेत. कुणीतरी आटगावच्या भंगारवाल्याकडून मूठभर रिंगा उचलून आणतो, सतरंजीवर मांडून फोटो टाकतो आणि विचारतो, ही कुठली? झालं. लागलीच पंडित जागे होतात. पिवळी म्हणजे अमुक, हिरवी म्हणजे तमुक, शहापूरकडच्या मालात निळी निघाली तर सोडू नका. अहो, तो रंग कारखान्यात लावतात, ज्याला जो परवडेल तो. रंग बघून आतला माल सांगायचा, तर मग साडी बघून बाईचा स्वभाव पण सांगा की.

मी मुरबाडच्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायक होते. परीक्षानळ्या धुता धुता आयुष्य गेलं, त्यामुळे करून बघितल्याशिवाय बोलायचं नाही एवढं तरी शिकले. रिंग म्हणजे काय, तर भट्टीत भाजलेली काळी कडी. तिच्यावर तांब्याची तार गुंडाळली की रेडिओ आणि अँटेनाची तार यांचं जमवून देणारा ट्रान्सफॉर्मर होतो. पण कडीच्या जाती असतात. काही आमच्या कामाच्या. काही कॉम्प्युटरच्या वीजपुरवठ्यात सुखाने नांदतात, पण आमच्या रेडिओला लावल्या की सेटची सगळी ताकद पिऊन टाकतात आणि नुसत्या तापत बसतात. दिसायला दोघी सारख्याच काळ्या.

ओळखायची रीत सोपी आहे. दहा वेढे मारा, मीटरवर आकडा घ्या. मग ब्लेडने रंग खरवडा आणि उघड्या अंगाला ओहममीटरच्या दोन्ही सुया टेकवा. आकडा आला, म्हणजे अंगातून वीज जातेय, तर ती बहुतेक आपल्या कामाची नाही. आणि शेवटी सेट लावून पाच मिनिटं चालवा, बोट लावून बघा तापते का. एवढं करायला अर्धा तास लागतो. आमच्या पंडितांना अर्धा तास नसतो, दिवसभर ग्रुपवर अक्कल पाजळायला मात्र असतो.

तपासलेली रिंग मी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचे आणि वर नेलपॉलिशचा ठिपका द्यायचे. लाल म्हणजे कामाची. निळा म्हणजे बाकी कशालाही चालेल, अँटेनाला नाही. लोक मला ठिपकेवाल्या बाई म्हणायचे, मागून. म्हणू देत.

हे सगळं मला शिकवलं ते माळशेजच्या रस्त्यावरच्या वैशाखरे गावच्या काकांनी. ते टेलिफोन खात्यात तारांवर चढायचे. शाळेची लाइन दुरुस्त करायला आले आणि माझ्याकडे मीटर मागितला, तिथून ओळख. त्यांनीच मला हॅम रेडिओच्या परीक्षेला बसवलं, लायसन घ्यायला लावलं. आता ते थकलेत. गुडघे गेले, दम लागतो, घराच्या ओटीच्या पलीकडे जात नाहीत. फोनला रेंज हवी तर रस्त्यापर्यंत चालत जावं लागतं, ते त्यांना जमत नाही. सकाळी आठला आमचं नेट भरतं, म्हणजे नाशिकपासून साताऱ्यापर्यंतचे आम्ही सगळे रेडिओवर एकमेकांची हजेरी घेतो, चार शब्द बोलतो. काकांच्या दिवसातली माणसांशी बोलायची वेळ तेवढीच.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या अँटेनाचा ट्रान्सफॉर्मर फुटला. माकडाने तार ओढली, डबा खाली आपटला, रिंगेचे तुकडे. त्यांनी सुनेबरोबर निरोप धाडला. मी बिस्किटाचा डबा उघडला, लाल ठिपक्याची एक जाडजूड हिरवी रिंग काढली, तार गुंडाळली, प्लॅस्टिकच्या जेवणाच्या डब्यात बसवली आणि सुनेबरोबरच पाठवून दिली. दुसऱ्या दिवशी आठला काकांचा आवाज आला. जरा बारीक होता, पण आला. मी खूश.

बाकीच्यांना मात्र तो येईना. नाशिकवाले म्हणाले, काका ऐकू येत नाहीत. पुणेवाले म्हणाले, नुसती खरखर आहे. मी म्हटलं, मला येतायत, तुमच्या अँटेना बघा. आठवडा गेला, दोन आठवडे गेले. मी रोज काकांना उत्तर द्यायचे आणि बाकीच्यांना टोमणे मारायचे. मग वाशिंदचा एक जण, कारखान्यात मेंटेनन्सला आहे, भर नेटवर म्हणाला, ‘‘बाई, ती रिंग एकदा तपासून बघता का?’’

माझ्या नाकाला अशी मिरची झोंबली! हाच तो, महिन्यापूर्वी लोखंडाच्या भुकटीची पिवळी रिंग अँटेनासाठी भारी म्हणून सगळ्यांना सांगत सुटला होता. मी त्याला सगळ्यांसमोर सोलला. म्हटलं, तुम्ही आधी पिवळं आणि हिरवं सोडून तिसरा रंग ओळखायला शिका, माझ्या रिंगा मी तपासलेल्या असतात. दोघंतिघं हसले. त्यानंतर त्या विषयावर कुणी तोंड उघडलं नाही. मला वाटलं, जिरली.

दोन महिन्यांनी काकांची सून अंगणवाडीच्या मीटिंगला मुरबाडला आली, ती माझ्याकडे चहाला थांबली. निघताना तिने सहज विचारलं, ‘‘ताई, त्या डब्यावरचं फडकं कितीदा ओलं करायचं? बाबा बोलता बोलता दोनदा मागतात.’’

मी तिला दारातच अडवलं. कसलं फडकं? तर म्हणे, बाबा रोज सकाळी खिडकीतल्या त्या डब्यावर ओलं फडकं टाकून ठेवतात, नाहीतर झाकण वाकडं होतं. म्हणजे रिंग भाजत होती. काकांच्या सेटची ताकद हवेत जायच्या ऐवजी त्या डब्यात शिजत होती. उरलीसुरली मुरबाडपर्यंत कशीबशी पोचायची, म्हणून काका मला एकटीलाच ऐकू यायचे. आणि मी सगळ्या महाराष्ट्राचे कान फुटलेत म्हणून सांगत होते.

ती गेल्यावर मी बिस्किटाचा डबा पालथा केला. आठवलं तेव्हा लाज वाटली. ती हिरवी रिंग आणली तेव्हा दहा वेढ्यांचा आकडा बरोबर हवा तेवढा आला होता. रंग इतका घट्ट आणि देखणा की खरवडायचं जिवावर आलं, म्हटलं, नंतर बघू, आणि ठिपका दिला. मग तो ठिपका बघून मीच मान डोलावली. दुसऱ्याच्या हिरव्या रंगावर थुंकणारी शहाणी मी, स्वतःच्या लाल रंगापुढे अक्कल गहाण टाकून बसले. त्या संध्याकाळी सगळ्या लाल ठिपक्यांवर ब्लेड चालवलं. दोन रिंगा खऱ्या निघाल्या. त्या चालवून बघितल्या, बोटाला गार लागल्या.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने माळशेजच्या रस्त्याला लागले. पोचले तेव्हा नेट सुरू झालेलं होतं. सुनेने दारातच जय भीम केला आणि आत बोट दाखवलं. काका सेटपुढे बसले होते, एक हात खिडकीतल्या फडक्यावर. नाशिकवाला हजेरी घेत होता. काकांनी बटण दाबून आपली हजेरी दिली, दम घेत, नीट. कुणी उत्तर दिलं नाही. पुन्हा दिली. मग सेटमधून आवाज आला, ‘‘वैशाखऱ्याचे काका आजही नाहीत. असतील म्हणा, बाई म्हणतात तर असतीलच.’’ कुणीतरी हसलं. काकांनी आवाज थोडा कमी केला, फडकं पिळलं आणि तिसऱ्यांदा हजेरी दिली. ते रोज असंच करत होते. दोन महिने.

मी खिडकीतला डबा उघडला. हिरव्या रिंगेचा रंग खरवडला, मीटरच्या सुया टेकवल्या, आकडा आला. काकांनी तो बघितला आणि नजर दुसरीकडे वळवली, जशी काही चूक त्यांचीच होती. नवी रिंग बसवली. त्यांनी हजेरी दिली, आणि नाशिक, पुणे, सातारा एकदम तुटून पडले. काकांना कुणाकुणाला उत्तर देऊ असं झालं. डोळे पुसत होते आणि बोलत होते. सगळ्यात शेवटी वाशिंदवाला आला. त्याने रिंगेचं नावसुद्धा काढलं नाही, फक्त विचारलं, काका, तब्येत कशी आहे? मी माइक मागून घेतला आणि सांगितलं, रिंग चुकीची होती, मी न तपासता दिली होती, तुम्ही बरोबर होतात.

नंतर चहा घेताना मला राहवलं नाही. फडकं ओलं करत बसलात, मला एका शब्दाने का सांगितलं नाही, म्हणून विचारलं. रागावलेच होते मी, त्यांच्यावर.

‘‘सांगणार व्हतो गो,’’ काका म्हणाले. ‘‘पण तू त्या वाशिंदवाल्याला सगळ्यांच्या देखत कसा झाडलास, ते ऐकलं ना मी. आख्ख्या नेटवर तू एकटीच मला उत्तर देत व्हतीस. तुला राग आला न् तूपण बोलायची बंद झालीस, मग मी कुणाशी बोलायचं?’’

ज्या माणसाने मला हातात मीटर धरायला शिकवलं, त्याला माझी भीती वाटत होती, आणि तेही मला मी विचारलं म्हणून कळलं.