गच्च भरलेली गाडी

७ मे. आज फ्रीज पुसायला काढला. हे फडकं हातात घेतलं की भिवंडीतली ती केस डोळ्यांपुढे येतेच, पोलिसातली नोकरी सोडून काही वर्षं झाली तरी.

शेलारजवळच्या एका शीतगोदामातून गोठवलेला मटार पुण्याला गेला आणि निम्मा मऊ पडला म्हणून न उतरवताच परत आला. त्याच सकाळी खबऱ्याचा फोन आला होता: ड्रायव्हर वाटेत थंडीचं मशीन बंद ठेवतो आणि वाचलेलं डिझेल ढाब्यावर विकतो. गोदामाच्या मॅनेजरने तशीच लेखी तक्रार दिली. मी ड्रायव्हरला चौकशीला बोलावलं. दिघाशीचा, तिशीतला, नुकतं लग्न झालेला. गुन्हा दाखल झाला असता तर नोकरी गेली असती, बहुधा बायकोही.

"मशीन एक मिनिट बंद केलं न्हाय, मॅडम," एवढंच तो म्हणायचा. खोटं बोलणारा माणूस दर वेळी थोडं जास्त सांगतो. हा एक शब्दही वाढवत नव्हता.

दुपारी त्याचा सासरा आला. तोच गोदामातल्या हमालांचा मुकादम. आयुष्य निजामपुऱ्यात कापडाच्या गाठी भरण्यात गेलेलं, थंड मालाच्या कामाला नवा. जावयाला बघताच कडाडला, "चोरीच करायची व्हती तं माझी पोर कशाला मागितलीस? मॅडम, द्या दोन ठेवून!"

"मामा, तुमची शपथ..."

"माझी कशाला? डिझेलची घे!"

हवालदार हसू दाबत बाहेर गेला. मी खबऱ्याला पुन्हा फोन लावला. त्याने गाडी ढाब्यावर उभी पाहिली होती, डिझेल विकताना नाही. मग दोघांना जीपमध्ये बसवलं आणि परत आलेली गाडी पंचांसमोर उघडायला लावली.

दाराजवळची खोकी मऊ होती. मशीनच्या तोंडाशी असलेली मात्र दगडासारखी. मशीन बंद असतं तर तीही वितळली असती. खोकी भिंतीला चिकटून छतापर्यंत रचलेली, आणि जिथे बोटभर फट, तिथे कापडाच्या चिंध्या ठासलेल्या.

"ही गाडी कोणी भरली?"

म्हातारा ताठ झाला. "मीच. जावयाची गाडी, दुसऱ्याला हात लावू देईन व्हय? खड्ड्यात माल हलला न्हाय पायजे. बघा, सुई शिरनार न्हाय!"

"मामा, सुई शिरत नाही तर थंड हवा कुठून शिरणार?"

त्याने एक चिंधी ओढून काढली. मशीन चालूच होतं, फटीतून गार झुळूक हाताला लागली. तो हात तसाच धरून उभा राहिला. मग जावयाकडे न बघता म्हणाला, "चल, जेवून घे. पोरीनं डबा दिलाय." शिव्या घालायला येतानाही डबा आणायला तो विसरला नव्हता.

मॅनेजरने तक्रार मागे घेतली. माल भरायचा कसा, हे त्यानेही कोणाला शिकवलं नव्हतं. नुकसान दिसलं की आम्ही पोलीस आधी हेतू शोधतो. कधी कधी काम फक्त जरा जास्तच जीव लावून केलेलं असतं, हे मला त्या गाडीने शिकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्युटीआधी मी गोदामात गेले. म्हातारा भिंतीपासून चार बोटं जागा सोडत होता, पण कुरकुरत, आणि चिंध्यांची गोणी अजून त्याच्या पायाशीच होती. त्याचा भरवसा नव्हता. गोणी उचलली आणि माझ्या जीपमध्ये टाकली. हे फडकं त्यातलंच.