टोपीवाल्या बदमाशाची पैज

तारनाक्याच्या भामाताईंनी जन्मात एकाही इंग्रजी पिक्चरचा शेवट पाहिला नव्हता. लग्नानंतर रेल्वेत कारकून असलेले प्रतापराव त्यांना रविवारी आबिड्सच्या थिएटरात सकाळच्या खेळाला न्यायचे. पण क्वार्टर्सच्या नळाला दुपारी पाणी यायचं, आणि नळ काही त्यांच्यासाठी थांबणार नव्हता. गोष्ट ऐन रंगात आली की दोघं लोकांच्या पायांतून वाट काढत बाहेर.

पिक्चरमधल्या बदमाशाचं शेवटी काय झालं असेल, यावरून परतीच्या बसमध्ये भांडण ठरलेलं. भामाताईंना इंग्रजी कळत नसे, पण न्याय कळे. "त्या मेल्याला फाशीच झाली असणार," त्या म्हणायच्या.

"छे, सुटला असणार. हुशार होता गडी," प्रतापराव मिशीत हसायचे.

हरेल त्याने घरी चहा करायचा, अशी पैज. निकाल कधी लागला नाही, चहा मात्र दर वेळी भामाताईंनीच केला. बायकांच्या पैजा अशाच असतात.

प्रतापराव गेल्याला तीन वर्षं झाली. आता नळाला दिवसभर पाणी असतं आणि रविवार काही केल्या सरत नाही.

परवा नात तेजश्रीने टीव्हीवर त्यांतलाच एक पिक्चर शोधून लावला. तोच टोपीवाला बदमाश, तेच गोड बोलणं. पूर्वी उठायची वेळ जिथे यायची तो प्रसंग आला, तशा भामाताई सवयीने उठल्या.

"कायकू उठायलीस आजी? बैस, एंडिंग तर बघ," तेजश्री म्हणाली. "जुन्या पिक्चरमध्ये व्हिलन मरतोच."

भामाताई खाली बसल्या. जन्मभर त्याला फाशी देत आलेल्या त्या, आज पदर मुठीत धरून मनात म्हणत होत्या, सुटू दे रे बाबा याला. एकदा तरी ह्यांचं खरं होऊ दे.

पोलीस आले आणि भलत्याच माणसाला घेऊन गेले. बदमाशाने टोपी सारखी केली, तो आगगाडीत चढला आणि गाडी निघाली. पडद्यावर अक्षरं आली.

"हे काय की, सुटलाच तो," तेजश्री वैतागली.

"हौ, सुटला." भामाताईंना हसू फुटलं. 'तुमचंच खरं निघालं हो' म्हणायला त्या वळल्या, तर शेजारी तेजश्री होती.

त्या उठल्या, स्वयंपाकघरात जाऊन आधण ठेवलं. इतकी वर्षं हरल्या नसताना त्यांनी चहा केला होता. आज हरल्या होत्या, आणि प्यायला ते नव्हते.