साहेबाचे हात धुणारा हवालदार

धर्मपाल हवालदार अकोल्याला लाचलुचपत विभागात नोकरीला. सापळ्यात सापडलेल्याचे हात धुवायचं काम त्याचं. सापळ्यातल्या नोटांना पावडर लावलेली असते; त्या घेणाऱ्याचे हात सोड्याच्या पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी होतं. तालुक्याच्या गावी खानावळ चालवणाऱ्या दुर्गाबाईंची जागा शेजाऱ्याने दाबली होती आणि पैसे चारल्याशिवाय मोजणीवाला साहेब हलत नव्हता. त्यांच्या तक्रारीवरून साहेबाला धरलं, तेव्हा पाणी असं गुलाबी झालं की धर्मपालची छाती फुगली. भेदरलेल्या दुर्गाबाईंना तो ठासून म्हणाला, "मावशी, हा मानूस आता या खुर्चीत बसत नाई. माहा शब्द हाय."

शब्द द्यायला त्याच्या बापाचं काय जात होतं! खटला भरायचा तर परवानगी द्यायची साहेबाच्याच खात्यातल्या वरिष्ठांनी. म्हणजे चोराच्या भावकीला विचारायचं, तुमच्या माणसाला कोर्टात नेऊ का? भावकीने फाइल दाबून ठेवली आणि शेवटी नाही म्हणून कळवलं. साहेब त्याच खुर्चीत परत. तेव्हापासून त्या गावचं काम निघालं की धर्मपाल दुसऱ्याला पुढे करायचा.

पण बायकोच्या, मायाच्या, माहेरच्या प्लॉटची मोजणी त्याच कचेरीत अडली आणि जावंच लागलं. साध्या कपड्यांत, मान खाली घालून तो रांगेत उभा राहिला. साहेबाने ओळखलंच.

"या, हवालदारसाहेब! चहा सांगा रे. तुमच्या कामाचे काय पैसे घेऊ आमी?"

माणसाने निघून जावं की नाही? हा बसला. चहाही प्यायला. लाजेने कान तापले होते, तरी मोजणीची तारीख घेऊनच उठला. वळला, तर रांगेत दुर्गाबाई.

"झालं तुमचं?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"मावशी, आमी पाठवलं होतं वर. परवानगीच नाई भेटली..."

"ते राहू द्या. माहं त अजून तसंच हाय. त्याले जरासं सांगून पाहाता काय? तुमचं आयकते तो."

धर्मपालला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नाही म्हणायला तोंड नव्हतं. तो परत आत गेला आणि ज्याचे हात त्याने पाण्यात बुडवले होते, त्याच्यापुढे आपले हात जोडले. दुर्गाबाई दाराशी उभ्या राहून बघत होत्या.