मराठीत लपवलेली हाक

नल्लकुंट्याच्या आमच्या घरात काही लपवायचं असेल तर ते मराठीत लिहावं, अशी माझी पक्की समजूत होती. नवरा आणि मुलगी दोघंही शाळेत तेलुगू शिकलेले. मराठी फडाफडा बोलतात, पण वाचायला दिलं की एकेक अक्षर लावत बसतात. सासूबाईंना तर अक्षरओळखच नाही. म्हणून मी नाव न घालता बिनधास्त ब्लॉग लिहीत होते.

आधी भाजी, शेजार, तारनाक्याची बस, असलं काहीबाही लिहिलं. मग एकदा हात आवरला नाही आणि ते लिहून बसले.

गुडघ्यांमुळे सासूबाईंना उठवायला कोणीतरी लागायचं. गेल्या वर्षी त्या एकट्याच उठायला गेल्या, पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. कुकरच्या शिट्ट्यांत हाक ऐकूच आली नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. ब्लॉगवर मात्र खरं लिहिलं: तीन हाका आल्या. मी ऐकल्या. ओट्याला टेकून उभी राहिले, गेले नाही.

लिहिताना कळलं की त्या दिवशी मी दमले म्हणून नव्हे, त्यांच्यावर रागावले होते म्हणून गेले नाही. त्या लेखाखाली एका अनोळखी बाईने लिहिलं, 'माझ्या हातूनही असंच झालंय, आजवर कोणाला बोलले नाही.' मी ते दहा वेळा वाचलं. खूप हलकं वाटलं आणि तेवढीच भीतीही वाटली, कारण आता ते माझ्या डोक्याबाहेर होतं.

परवा दुपारी हिमायतनगरहून सामान घेऊन आले तर जिन्यातच आवाज ऐकू आला. स्टेशनवर गाडी उशिरा असल्याचं सांगतात तशा सपाट सुरात कोणी बाई बोलत होती. 'तीन हाका आल्या. मी ऐकल्या.' ती माझीच वाक्यं होती. उरलेल्या पायऱ्या मी धावतच चढले.

आत सासूबाईंच्या पलंगावर मुलगी फोन घेऊन बसलेली.

"मम्मी, लॅपटॉपवर कोणाची तरी स्टोरी उघडी होती. मला वाचायला लेट होतं ना, म्हणून फोनलाच वाचायला लावलं. आज्जीला आवडली."

लेखात कोणाचं नाव नव्हतं, त्यामुळे तिला काहीच कळलं नव्हतं. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. आता नवऱ्याला कळणार, गावाकडे कळणार, मग या घरात तोंड कसं दाखवायचं, एवढंच डोक्यात घुमत होतं.

"जा गं, चहा ठेव," त्या नातीला म्हणाल्या. ती गेल्यावर मला म्हणाल्या, "कुकर लागलाच नव्हता त्या दिवशी. हाड मोडलं होतं माझं, कान नव्हते मोडले."

मी हातातली पिशवी खाली ठेवली. नवऱ्याने तेव्हा त्यांनाही विचारलं होतं आणि त्या म्हणाल्या होत्या, हौ, कुकर वाजत होता. दुखण्याच्या भरात बोलल्या असतील, असं मी इतके दिवस धरून चालले होते.

"मग तसं का सांगितलंत?"

त्या पांघरुणाची कड चाचपू लागल्या.

"मलाबी भ्या वाटलं. तू रुसून बसलीस तर मला उठवणार कोण?"

मी खाली त्यांच्या पायांशी बसले.

"आणि तीन नव्हत्या," त्या म्हणाल्या. "चार हाका मारल्या मी. तेवढं नीट कर."

चहा झाल्यावर मी लॅपटॉप उघडला आणि तीनच्या जागी चार लिहिलं.