तलावाच्या पाळीवरचा चढ

जगात सुखाने चालणारे एकही इंजिन माझ्या धाकट्या साळ्याला मान्य नव्हते. कंपनी प्रत्येक गाडीचा दम मुद्दाम दाबून विकते आणि तो मोकळा करायलाच आपला साकोलीत जन्म झाला, असे त्याचे ठाम मत. लग्नाच्या पंगतीत बसलेला असताना नवरदेवाची गाडी आली, की हा पानावरून उठून तिच्या बॉनेटवर हात ठेवायचा, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. "हिले श्वासच घेता येऊन नाही राहिला," म्हणायचा, आणि इकडे भात थंड व्हायचा. लॅपटॉप सदैव खांद्याला. स्टीअरिंगखाली वायर जोडून तो इंजिनच्या कॉम्प्युटरमधले आकडे बदलायचा, डिझेल किती, हवा किती. एका पाहुण्याची गाडी त्याने एवढी सुधारली, की त्या पाहुण्याच्या बायकोने पुन्हा तीत बसायचे नाकारले.

माझ्या गाडीला मी त्याला हात लावू देत नसे. दर वेळी टाकी भरून ॲव्हरेज काढणारा मी माणूस. पण करडीच्या शेताकडे जाताना तलावाच्या पाळीवर खडा चढ आहे. सगळे बसलेले असले की गाडी तिथे गुदमरायची आणि सासूबाईंना गुडघे धरत उतरावे लागायचे.

"भाऊजी, माय उतरते अन् तुम्ही ॲव्हरेज मोजता," तो एकदा म्हणाला.

मी किल्ली दिली. आठवडाभर त्याच चढावर गाडी वर-खाली करत त्याने आकडे बसवले. ॲव्हरेज घटले. सासूबाई मात्र पुन्हा उतरल्या नाहीत. चढ आला की पदर सावरून म्हणायच्या, "चाल, माह्या पोरानं बनवली हाय."

पुढे माझी गाडी बनवणाऱ्या कंपनीनेच त्याला पुण्यात नोकरी दिली. असले उद्योग कोणाला करता येऊ नयेत, म्हणून इंजिनच्या कॉम्प्युटरला कुलूप घालायचे, हे त्याचे काम.

"म्हणजे गाड्या तुझ्यापासूनच वाचवायच्या," मी म्हणालो.

"हो ना भाऊजी. पगार चांगला हाय."

गेल्या उन्हाळ्यात सर्व्हिसिंगहून गाडी परतली ती नवे सॉफ्टवेअर घेऊन, तेही फुकट. ॲव्हरेज वाढले, मी खूश. पाळीवर मात्र ती पुन्हा गुदमरली. त्याचे आकडे पुसले गेले होते. मी फोन केला.

"आता ते उघडत नाही, भाऊजी. कुलूप मीच बनवलं."

दिवाळीला तो आला, लॅपटॉपशिवाय. चढाखाली त्याने बॉनेटवर हात ठेवला. मग मायचा हात धरून पायी निघाला. रिकामी गाडी मी सहज वर नेली. वर थांबून आरशात पाहिले, तर दोघे अजून अर्ध्यातच होते. माय दम घ्यायला थांबली होती आणि तो तिच्या पाठीवर हात ठेवून उभा होता.