अकरा अंडी, अठरा पिल्लं

मी अकरा अंडी राखेनं घासून लख्ख केली, तेव्हा माझ्या मनात कुणाचंही वाईट नव्हतं.

उलट, चांगलंच होतं. इतकं चांगलं की चुलीवरचं कढत पाणी घेतलं, नारळाची शेंडी घेतली आणि देवाची उपकरणी घासावीत तसं एकेक अंडं घासून, धुऊन, पदराला पुसून परत चंद्रीच्या पोटाखाली ठेवलं. चंद्री म्हणजे सासूबाईंची खुडूक कोंबडी. अंड्यांवर काळे डाग होते हो! अकराच्या अकरा अंड्यांवर! असल्या कळकट अंड्यांतून पिल्लं निघाली तर तीही कळकटच निघणार, असं मला वाटलं. आता, ते डाग सासूबाईंनी कोळशानं मुद्दाम केलेल्या खुणा होत्या; दुसरी एखादी कोंबडी मध्येच येऊन तिथं अंडं घालून गेली तर ओळखू यावं म्हणून घरोघरी अशा खुणा करतात; हे मला कोण सांगणार?

साल बत्तीस-तेहेतीस असेल. माझ्या लग्नाला वर्ष झालं होतं. माहेर बोर्ली पंचतनच्या बाजूला आणि सासर म्हसळ्याच्या अलीकडच्या एका वाडीत. माहेरी वडील माळकरी, त्यामुळे घरात कोंबडीचं पीससुद्धा नाही. (शेजारची कोंबडी चुकून अंगणात आली तर वडील तिला हात जोडून "माउली, बाहेर व्हा" म्हणायचे. ती होत नसे.) आणि सासरी बघावं तर खुराडं भरून कोंबड्या! मला त्या बघून नुसते प्रश्न पडायचे. एकवीस दिवस झाले हे कोंबडीला कळतं कसं, ती पंचांग थोडंच बघते? पिल्लू आत बसून दिवसभर करतं काय? बाहेरचं बोलणं त्याला ऐकू जातं का? या शेवटच्या प्रश्नापायी मी रोज दुपारी एकेक अंडं कानाला लावून बघायची. काही ऐकू आलं नाही तर जरा हलवायचीसुद्धा.

चंद्री माझ्या ताब्यात आली, कारण नणंद तळा गावी तिच्या सासरी बाळंत व्हायची होती आणि सासूबाई तिच्याकडे निघाल्या होत्या. निघताना गाडीत बसल्या बसल्या म्हणाल्या,

"सूनबाई, चंद्रीला अंड्यांवर बसवली हाय. रोज एकदा उठव, दाणापाणी दे, परत डालगं झाक. दुसरं काय बी करू नको. पिल्लं नीट निघाली तर शिमग्याला आठ दिवस माहेरी जा."

"आणि नाही निघाली तर, आत्याबाई?"

"तर शिमगा हितं हायच की!"

झालं! वर्षभर मी आईचं तोंड पाहिलं नव्हतं. आमच्या गावची पालखी, आईच्या हातची पुरणपोळी, धाकट्या बहिणीच्या चहाड्या, सगळं त्या बांबूच्या डालग्याखाली जाऊन बसलं. मग मी जीव ओतून काळजी घेणार नाही तर काय! आणि काळजी घ्यायची म्हणजे स्वच्छता, एवढंच मला ठाऊक होतं.

एकवीस दिवस झाले. बाविसावा गेला. तेविसाव्या दिवशी डालग्यातून असा वास सुटला की मला रडूच फुटलं.

आता सांगावं कुणाला? घरात उरलेलो आम्ही तिघं, आणि तिघंही एकमेकांशी बोलत नव्हतो! भांडण नव्हतं हो, रीतच होती. आमचे हे मामंजींच्या देखत माझ्याशी बोलायचे नाहीत, आणि मामंजी घरात नाहीत असं कधी व्हायचंच नाही. मामंजी सुनेशी बोलायचे नाहीत, ते ओटीवरच्या खांबाशी बोलायचे. "खांबा, च्या पायजे." की मी चहा करायची. "खांबा, मीठ जास्त पडलंय." की मी मनातल्या मनात खांबाला चार शिव्या द्यायची. आणि हे तर बापासमोर उभे राहिले की नुसती मान हलवायचे. सासूबाई म्हणजे आमच्या घरचं टपाल. त्या गेल्या आणि टपाल बंद पडलं. त्यात तळ्याहून निरोप आला: मुलगी झाली, सगळं सुखरूप, परवा येते.

मी तडक शेजारी गंगाकाकूंकडे गेले. त्यांची कोंबडी आदल्याच दिवशी तेरा पिल्लं घेऊन उठली होती.

"काकू, चंद्रीची अंडी उबतच नाहीत."

"अंडी नासायला गडगडाट बी न्हाय झाला. तू काय केलंस का त्यांना?"

"काही नाही. नुसती घासली."

"काय केलीस?"

"राखेनं. कढत पाण्यात."

काकू आधी कपाळाला हात लावून खाली बसल्या, मग पोट धरून हसल्या, मग डोळे पुसून आत गेल्या आणि टोपलीत सात पिल्लं घेऊन आल्या. "ही ने. काळोखात एकेक तिच्या पोटाखाली सरकव. उजाडल्यावर पिल्लं दिसली की तिला वाटतं, आपणच काढली. कोंबडीला काय मोजता येतं व्हय?"

(मोजता मला येत होतं. सगळा घोळ त्यामुळेच झाला.)

पण काळोख आणायचा कुठून? चंद्रीचं डालगं पडवीत, आणि रात्री पडवीत बापलेक झोपायचे. मी म्हटलं, रात्र आपल्याकडे येत नाही तर आपणच ती आणू! दुसऱ्या दिवशी दुपारी दोघंही रानात पातेरा, म्हणजे सुका पाला, गोळा करायला गेले, तशी मी मामंजींची काळी घोंगडी डालग्यावर टाकली. झाली रात्र! घटकाभर दम धरला. मग हळूच कडेनं हात घालून एक पिल्लू सरकवलं. चंद्री गुरगुरली. दुसरं सरकवलं, तिनं माझ्या मनगटाचा लचका तोडला. सातवं जाईपर्यंत माझ्या हातावर मेंदी काढल्यासारखी नक्षी उठली होती. पण आतून बारीक "कुक् कुक्" ऐकू आलं, आणि खरं सांगते, मला इतका आनंद झाला की मी घोंगडीलाच नमस्कार केला. अंडी तशीच ठेवली, म्हटलं, एकाच वेळी किती गोष्टी उलथायच्या?

दुसऱ्या दिवशी उजाडताच डालगं उचललं आणि डोळे चोळले. अंडी एकही नाही! आणि पिल्लं? सहा, नऊ, तेरा… परत मोजली. अठरा!

माझं गणित पक्कं. मी ठेवलेली सात, अंडी अकरा. सात आणि अकरा अठरा! म्हणजे घासलेली अंडी उबली! एक नाही, दोन नाही, अकराच्या अकरा! मी पडवीत एक गिरकीच घेतली. मग जरा नीट न्याहाळलं. सहा पिल्लं अंमळ थोराड होती, त्यांना चक्क पंख फुटले होते. (उशिरा निघाली ना, आतच वाढली असणार.) आणि पाचजणांच्या मानेवर एक पीस नव्हतं. तेव्हा मात्र मला अपराध्यासारखं वाटलं. म्हटलं, आपण जरा जास्तच जोर लावून घासलं!

टरफलं काही दिसली नाहीत, पण टरफलांची चौकशी करायला वेळ कुणाला होता? सासूबाई त्याच सकाळी यायच्या होत्या. अकरा अंड्यांना अकरा पिल्लं हवीत. काकूंची सात परत करायला हवीत, आणि ती सात कोणती, हे एका चंद्रीला ठाऊक!

मी बावळटासारखी अठराच्या अठरा पिल्लं अंगणात सोडली. वाटलं, काकूंची असतील ती आपली आपण काकूंच्या दिशेनं जातील. त्याऐवजी खुराड्यातल्या कोंबड्या धावून आल्या. तांबडीनं एका बोडक्या पिल्लाला टोच मारली. चंद्री पिसं फुलवून फुटबॉलएवढी झाली आणि तिनं तांबडीला कुंपणाच्या वईपर्यंत पिटाळली. कोंबडा मोठ्या तोऱ्यात मध्ये पडायला आला. चंद्रीनं त्याच्या तुऱ्यालाच धरलं! तो ओरडत कौलांवर चढला आणि तिथून दिवसभर आरवत बसला, खाली उतरायची काही त्याची छाती झाली नाही. त्या गोंधळात मी हाताला लागली ती सात पिल्लं ओच्यात टाकली आणि काकूंच्या घराकडे पळाले.

काकूंनी माझा ओचा उघडून बघितला.

"ही बोडकी माझी न्हायत. आणि ह्या घोड्याला तर पंख फुटलेत! कुणाची उचललीस गं?"

"चंद्रीचीच! अकराच्या अकरा उबली!"

"घासलेली? अगं बाय माझे, घासलेलं अंडं उबलं तर मी मिशा ठेवीन!"

एवढ्यात मागून आरडाओरडा झाला. चंद्रीनं मला शोधून काढलं होतं. ती पुढे, तिच्यामागे अकरा पिल्लं, आणि गंमत बघायला खुराड्यातल्या सगळ्या कोंबड्या. मी ओचा आवळून घराकडे धावत सुटले. चंद्री उडी मारून माझ्या पाठीवर! पदर सुटला, अंबाडा सुटला, ओच्यात सात जीव चिवचिवतायत, अशी मी अंगणाच्या तोंडाशी पोचले आणि समोर बैलगाडी उभी. गाडीत सासूबाई.

त्या उतरल्या, पाय धुतले, ओटीवर बसल्या. मामंजी आणि हे दारात येऊन उभे राहिले. चंद्री माझ्या पायाशी येऊन उभी राहिली, तीही सासूबाईंच्या बाजूनं.

"अंडी किती घातली होती, सूनबाई?"

"अकरा."

"पिल्लं किती हायत?"

"अठरा."

"ती कशी?"

माझ्या डोळ्यांसमोर आई, पालखी, पुरणपोळी सगळं गरगर फिरलं. तोंडातून निघून गेलं, "जुळी झाली, आत्याबाई."

कौलावरचा कोंबडा तेवढ्यात आरवला. सासूबाई म्हणाल्या, "कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं ऱ्हात न्हाय गं! खरं बोल."

तेव्हा एक अघटित घडलं. आमचे हे बापासमोर बोलले! "आई, सहा माझी. काल सांजच्याला घातली. म्हसळ्याहून आणली. वास आला तवाच मी समजलो. हिला माहेरी जायचं हाय, म्हून…" आणि तांबडेलाल होऊन थांबले.

"आणि अंडी?"

"उकिरड्यात पुरली."

मामंजी खाकरले. "खांबा," ते म्हणाले, "सांग तिला, बोडकी पाच माझी. पहाटंला घातली. पोर रडत व्हती, आवाज आला."

मी वळून बघितलं. वर्षभर माझ्याकडे मान वर करून न बघणारे मामंजी खांबाच्या आड तोंड लपवून उभे होते. हातावर त्यांच्याही चंद्रीच्या चोचीचे व्रण! ह्यांच्याही! म्हणजे दुपारी एक, सांजेला एक, पहाटे एक, अशा तिघांनी त्या घोंगडीखाली चंद्रीला तीन रात्री दाखवल्या होत्या, आणि त्या बिचारीनं दर रात्री मुकाट्यानं पोरं वाढवून घेतली होती. मी सासूबाईंचे पाय धरले आणि राख, शेंडी, कढत पाणी, कानाला लावणं, हलवणं, सगळं एका दमात सांगून टाकलं.

सासूबाईंनी मला उठवलं आणि अंगणातल्या पिल्लांपुढे मूठभर कण्या टाकल्या.

"तीस वर्सं झाली माझ्या लग्नाला," त्या मामंजींना म्हणाल्या, "माझ्यासाठी कधी एक पीस आणलंत?"

मामंजींनी खांबाकडे बघितलं. खांबालाही उत्तर सुचेना.

"आणि तू गं! जा माहेरी. आठ दिवस जा. घरातले दोन्ही बाप्ये तुझ्यापायी कोंबडीखाली हात घालाया लागलेत, तुला हितं ठेवण्यातच धोका हाय!"

मी गेले. आईच्या गळ्यात पडून मनसोक्त रडले, पालखी बघितली, पुरणपोळ्या हाणल्या. पण चौथ्या दिवशी घास गिळेना. घार तर आली नसेल? तांबडी टोचत असेल का? बोडक्यांना पिसं आली असतील का? आठ दिवसांसाठी गेलेली मी पाचव्या दिवशी सकाळी वडिलांना घेऊन परत दारात हजर!

सासूबाई हसल्या. "का गं, एवढ्यात? करमंना का?"

"नाही ना करमत."

"कुणाची आठवण आली म्हणायची?"

ओटीवर हे दोरी वळत बसले होते. त्यांचे हात थांबले. कान लाल झाले. एवढी सोन्यासारखी संधी! दुसरी एखादी शहाणी असती तर नुसती लाजून आत पळाली असती. मी पदर सावरला आणि मोकळेपणानं खरं ते सांगितलं.

"चंद्रीची."

त्या दिवसापासून ह्यांनी माझ्याशी अबोला धरला. आधीही बोलत नव्हतेच म्हणा, त्यामुळे मला ते कळायलाच पंधरा दिवस लागले!